कात्रीची ओळ

आमच्या मागच्या बागेतले काटे मी लहानपणी कात्रीने संपवले होते, असं मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. त्यामुळे त्या बागेत फरशी घालायचं धाकट्या भावाने ठरवलं, तेव्हा मी तावातावाने माहेरी जाऊन थडकले.

आईच्या तळव्यात बागेतल्या उंटकटाऱ्याचा काटा रुतला होता. पाय सुजून ती महिनाभर अंथरुणाला खिळली होती. "पुन्हा असं झालं तर निस्तरायला तू येणार आहेस का?" धाकटा म्हणाला. त्याचं चूक नव्हतं, पण ते कबूल कोण करणार? बाबांनी जपलेली माती फरशीखाली जाणार, हे मला मान्य नव्हतं.

"पंधरा दिवस दे मला," मी म्हटलं. "नंतर एक जरी काटा दिसला तर खुशाल घाल फरशी."

बाबा सुतार. सुट्टीच्या सकाळी ते आम्हा दोघांना बागेतली एकेक ओळ वाटून द्यायचे. आदल्या संध्याकाळी पाणी घालून माती मऊ केलेली असायची. उंटकटाऱ्याला फूल यायच्या आत, लाकूड तासायच्या जुन्या पटाशीने माती सैल करून अख्खं मूळ वर काढायचं, हा त्यांचा नियम. धाकटा मान खाली घालून एकेक मूळ उपसत बसायचा. मला कुठला तेवढा धीर! बाबांची पाठ वळली की मी कात्रीने शेंडे छाटायची, बुडख्यांवर माती लोटायची आणि हात झटकून मोकळी. वर भावाला "कासव" म्हणून चिडवायची. बाबा माझी ओळ बघून म्हणायचे, "वा, पहिला नंबर." भुशाचा वास असलेला त्यांचा हात माझ्या डोक्यावर टेकायचा. अजूनही सुताराच्या दुकानावरून जाताना माझी पावलं रेंगाळतात. आणि खरं सांगते, माझ्या ओळीत काटा पुन्हा कधी उगवला नाही.

म्हणून या वेळीही कात्रीच घेतली. दोन दिवसांत बाग चकाचक. "उगाच बाऊ करता तुम्ही," असं भावजयीला ऐकवूनही झालं. तेराव्या दिवशी बघते तर जिथे एक छाटला होता, तिथे तीन कोंब.

"पूर्वी असं कधी झालं नव्हतं," मी पायरीवर बसत आईला म्हटलं.

खुर्चीतली आई हसली. "कसं होईल? दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तुझे बाबा तुझ्या ओळीत बसायचे. तू ठेवलेलं एकेक मूळ उकरून काढायचे."

"त्यांना ठाऊक होतं?"

"डोळे होते त्यांना. मी म्हणायची, पोरीला सांगा की. तर म्हणायचे, पहिला नंबर आला की आठवडाभर नाचत असते गं. सांगू पुढे कधीतरी."

ते पुढे कधीतरी राहूनच गेलं. माझं लग्न झालं, मग बाबा गेले. मला लाज वाटली आणि रडूही आलं. धाकटा दारातच उभा होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं. पण तिला सांगितलंस तर याद राख, अशी बाबांची तंबी होती."

"घाल रे फरशी. हरले मी."

त्याने फरशीवाल्याला फोन लावला. मी कान टवकारले. "महिनाभर थांबा," एवढंच तो म्हणाला. मग त्याने नळी ओढली आणि अंधार पडेपर्यंत बागेला पाणी घातलं.

सकाळी त्याने माझ्या हातात बाबांची पटाशी दिली. दहा वाजेपर्यंत त्याची ओळ संपली, माझी निम्मीही झाली नव्हती. गुडघे बोलत होते. "आता कोण कासव?" म्हणून तो हसला आणि पाणी प्यायला आत गेला.

थोड्या वेळाने मागे माती खरवडल्याचा आवाज आला. माझ्या हातून तुटून राहिलेली मुळं तो गुपचूप उकरत होता. मी वळून पाहिलं नाही. पुढचा काटा धरला आणि मला काही कळलंय असं त्याला दाखवलं नाही.