सोयाबीनवरचं वळण

"थर्ड टाक. टाक की! आता हार्न दे."

गिअर शिवकांतानं आधीच टाकला होता. शेजारच्या शीटवर तिचा नवरा राजशेखर उजवा हात मांडीवर टाकून बसला होता. उदगीर-लातूर जीप हाणण्यात अर्धी उमर घालवलेला हा गडी. लकव्यानं उजवं अंग गेलं आणि स्टेअरिंग बायकोच्या हातात आलं. आता त्याच्याकडं उरलं होतं ते शेजारी बसून हुकूम सोडणं. तेही गेलं तर आपण म्हणजे नुसतं गाठोडं, ही धास्ती त्याला रोज जाळायची.

"राजूभाऊ, जरा दम घेऊ द्या की तिला," मागून भाजीवाली विठाबाई हसली.

"गप बसा मावशी. शिकायलीय ती अजून."

नळेगाव मागं पडलं आणि उजवं वळण आलं. कुणीतरी वळणभर सोयाबीन पसरलेलं, गाड्यांखाली फुकटात मळून निघावं म्हणून! डांबरावर सुट्या दाण्यांचा नुसता सडा. डाव्या कडेला एक म्हातारी काड्या खालीवर करत बसलेली.

चाकं दाण्यांवर आली अन् जीपचं मागचं अंग सुटलं, डावीकडं, थेट म्हातारीच्या रोखानं.

"ब्रेक मार! शिवे, ब्रेक!"

तिनं ब्रेकला पाय लावला नाही. वळण उजवीकडं, आणि या बाईनं स्टेअरिंग सर्रकन फिरवलं ते डावीकडं! मेलो, असं त्याला वाटलं. बघतो तर काय, जीप आडवी घसरतेय, पण पुढच्या चाकांचं तोंड नेमकं रस्त्याकडं! मागचं अंग थबकलं, सावरलं. आता ते उलट्या बाजूला झोका घेणार, तेवढ्यात तिनं स्टेअरिंग सरळ केलं. म्हातारीच्या पदराला वारा लागला, तेवढाच.

पुढं जाऊन तिनं जीप थांबवली. राजशेखरच्या आता ध्यानात आलं. ब्रेक मारला असता तर चाकं जाम होऊन गाडी म्हातारीवरच गेली असती. आणि त्यानं तर ब्रेकच मारला असता.

"कुठं शिकलीस गं हे?"

"कुठं न्हाई वो. मागचं सुटलं ते बुडाखाली कळलं. जिकडं सुटलं तिकडं हात गेले." तिनं आरशात म्हातारीकडं बघून घेतलं. "तुम्ही काय तरी वरडलात जणू. मला ऐकूच आलं न्हाई."

लातूर येईपर्यंत तो गाभाऱ्यात बघावं तसा तिच्या हातांकडं बघत राहिला. अभिमानानं ऊर भरून आला होता आणि त्याच उरात दुखतही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदगीरच्या स्टँडवर जीप भरत आली.

"चढा की," शिवकांता म्हणाली.

त्यानं डाव्या हातानं दार उघडलं आणि विठाबाईला हाक मारली. "मावशी, या. पुढं बसा."

"अवो, अन् तुम्ही?" शिवकांतानं विचारलं.

"मी आता हितं स्टँडवरच लायनीतल्या जीपांच्या शीटा भरतो. जा तू."

विठाबाई चढली तशी शिवकांतानं जीप काढली. तो रस्त्यावरच्या घोळक्याकडं वळला. "लातूर!" पहिली हाक शेजारच्यालाही ऐकू गेली नाही. दुसरी मोठ्यानं निघाली.