उसनं आकाश

फोटो छापून देणाऱ्या दादाला कुणी मत विचारलं, की त्याच्या जिभेला धार चढायची. नऊ वर्षांच्या भाचीने हौसेने काढलेला पहिला फोटो दाखवला, तेव्हा त्याने त्यातल्या सात चुका बोटांवर मोजून दाखवल्या होत्या. पोरगी रडली. तिची आई, म्हणजे दादाची धाकटी बहीण, पोरीला घेऊन भरल्या ताटावरून उठून गेली, आणि पुढे दोन वर्षं भावाबहिणीचं बोलणं कामापुरतं उरलं. मी खरं तेच बोललो, असं दादा म्हणायचा. रविवारी एकट्याने जेवताना घास कसा उतरतो, हे मात्र तो कुणाला सांगायचा नाही.

म्हणून धाकटीचा मेसेज आला तेव्हा त्याने तो तीनदा वाचला. 'दादा, आईच्या माहेरच्या टेकडीचा फोटो आहे. तिच्या खोलीत लावायचाय, मोठा छापून दे. आकाश मी बदललंय, कसं जमलंय ते सांग. फाइल तुझ्या अटीप्रमाणे पाठवलीये.'

अट अशी, की मत हवं तर तयार फोटो नको, एकावर एक रचलेले सगळे थर, म्हणजे लेअर, सुटे असलेली मूळ फाइल हवी. कुणी कुठे ठिगळ लावलंय हे उघडून बघण्यात दादाला भारी मजा यायची.

या वेळी मात्र गोड बोलायचं, असं त्याने ठरवलं. दुकानातल्या मशीनपाशी उभं राहून दोन वाक्यं पाठही केली. पण फाइल उघडली आणि सवय आड आली. टेकडीवर ऊन डावीकडून आलं होतं आणि ढग उजवीकडून उजळले होते. झाडांच्या शेंड्यांना पांढरी कड राहिली होती. "वेडी कुठली," तो मायेने म्हणाला, आणि आकाश आणलंय कुठून ते बघायला त्याने मास्क बंद केला. मास्क काही पुसत नाही, नको तेवढं नुसतं झाकतो. तो काढला की आकाश ज्यातून घेतलंय तो फोटो होता तसा पुरा दिसतो.

आकाशाखाली आई होती. तळ्याकाठी खुर्चीत बसलेली, समोर केक, केकवर पंचाहत्तरचा आकडा. मागे धाकटी, तिचा नवरा, भाची, मधला भाऊ, त्याची बायको, दोन्ही मावश्या, आणि मधल्याची सासूसुद्धा. आई तोंडभर हसत होती. दादासमोर ती इतकं कधी हसली नव्हती.

त्या वाढदिवशी दादाने सकाळीच फोन केला होता. "आईला कणकण आहे," धाकटी म्हणाली होती. "या वर्षी काही करत नाही आहोत. तू येऊ नकोस, झोपू दे तिला." आणि त्याने दिवसभरात चार वेळा ताप उतरला का म्हणून विचारलं होतं.

मग राग आला, आणि राग त्याच्या सवयीचा होता. त्याने टेकडी काढून टाकली. तळ्याकाठचा अख्खा गोतावळा भिंतभर छापला, फ्रेम केला आणि आईच्या पत्त्यावर धाडून दिला. रोज उठून बघा म्हणावं, काय केलंत ते. धाकटीचा चेहरा कसा पडेल, हे तो मनातल्या मनात दोन दिवस बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. रडेल, माफी मागेल, निदान गडबडून जाईल, म्हणून दादा श्वास रोखून उभा राहिला.

"फोटो मिळाला रे," आई म्हणाली. "धाकटी घाबरली होती, तू चिडून पाठवलास म्हणून. मी म्हटलं, तो कशाला चिडेल? टेकडी घेऊन मी काय करणार होते? हा पलंगासमोरच लावून घेतला. आपले सगळे आहेत बघ यात."

मशीनमधून कुणाच्या तरी लग्नाचा फोटो बाहेर येत होता. दादाने तो सरळ करून ठेवला.

"आकाश कसं आलंय?" त्याने विचारलं.

"आकाश कोण बघतंय," आई म्हणाली.