चिंचोक्याच्या खळीचा जर्मन कोट

कासुर्डीत साधनाच्या शिलाईच्या शेडमध्ये सात मशिनी आणि आठ बाया. आठवी तिची सासू बानूबाई. ती शिवत नसे, शिवणाऱ्यांच्या चुका मोजत असे, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर पुण्याचे एक साहेब नमुना घेऊन आले. तपकिरी लोकरीचा लांब कोट, हिटलरच्या काळातल्या जर्मन कामगार दलाचा. परदेशी सिनेमासाठी तसले दोनशे हवे होते. बाहीवर फावड्याचं चिन्ह. दंडावरच्या स्वस्तिकाच्या पट्ट्या साहेब दुसरीकडून घेणार होते. त्या दलातली पोरं फावडं बंदुकीसारखं खांद्याला लावून कवायत करत, असं त्यांनी सांगितलं आणि शेड खदाखदा हसलं. रोजगार हमीवर याच बायांनी अख्खा पाझर तलाव खणला होता, पण फावड्यानं सलामी द्यायची अक्कल एकीलाही सुचली नव्हती.

हसू दोन दिवस टिकलं. साधनानं शिवलेला पहिला कोट ओल्या पोत्यासारखा लोंबला. साहेब म्हणाले, कापड असंच मिळणार, पण कोट ताठ हवा. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर काम लुधियान्याला. म्हणजे सात मशिनींचं दोन महिन्यांचं काम गेलं.

साधनानं आतून कॅनव्हास लावून पाहिला, तर कोट जागोजाग फुगला. बानूबाई कोपऱ्यातून बघत होती. घोंगडी ताठ करायला चिंचोक्याची खळ लागते, हे तिला आईच्या पोटातच कळलं असावं. पण ती हलेना. सुनेनं विनवलं, तर तिनं साहेबांनाच बोलवायला लावलं.

साहेब गुरुवारीच आले. बानूबाईनं विचारलं, "सायब, ही कुणाची माणसं?"

साहेबांनी लपवलं नाही. लाखो निरपराध माणसं मारणाऱ्या राजवटीची, म्हणाले.

"आन् शिनेमात काय व्हतं त्यांचं?"

"हरतात, आजी."

"मग ठेव चूल, साधना."

चिंचोके भाजून, दळून, शिजवून खळ झाली. बानूबाईनं ती कोटाला कुंच्यानं चोपडली, कोट अंगणात वाळवला, पुन्हा चोपडली. सुनेनं पुरे म्हटलं की ती आणखी एक हात देई. शुक्रवारी दुपारी कोट बाजेवरून उतरवला, तर तो जमिनीवर टेकून आपला आपणच उभा राहिला. शेजारचं कुत्रं त्याच्यावर भुंकलं. बायांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी कोटाभोवती चार चकरा मारल्या, पावसात टिकेल का बघायला तांब्याभर पाणी ओतलं. ते घोंगडीवरून ओघळावं तसं खाली आलं. त्यांनी वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाले, "वास कॅमेऱ्यात येत नाही. दोनशे करा."

साधना लगेच मशिनीवर बसली. बानूबाई मात्र साहेबांच्या वाटेत आडवी.

"दोनशे म्हंजी दोनशे हरणार ना, सायब? एकबी जितायला नको. खळ माझी हाय."