थोरलीची सोबत

मंडळाच्या खोलीत बायका गोलात बसल्या की थोरलीच्या उजव्या हाताला धाकटी बसायची. बसायची रीत जुनीच होती, पण अलीकडे तिला नवं कारण आलं होतं आणि ते धाकटीने कुणाला सांगितलं नव्हतं.

थोरली बोलता बोलता अडली की धाकटी तोंडाला पदर लावून खोकायची आणि खोकता खोकता पुढचं पुरवायची. "गिरणीवाल्याची सून, बाई. तिचा सासरा अंथरुणाला खिळलाय." लगेच थोरली मान वर करायची. "हां, तर गिरणीवाल्याच्या सुनेनं सांगावं, सासऱ्याची कूस वेळेवर बदलता ना? पाठ सोलवटली तर माणूस जिवंतपणी मरतो." सगळ्या बायका एकमेकींकडे बघायच्या. काय ही बाईची आठवण!

दोघी जावा. दोघींचे नवरे गेले, मुलं पोटापाण्यासाठी शहरात पांगली आणि घरात या दोघीच उरल्या. गाव त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचं. त्यांची खरी नावं त्यांनाही आठवावी लागली असती.

मंडळ थोरलीने उभं केलं आणि पहिल्यापासून अध्यक्षही तीच. कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत झालं, कुणाचं माणूस गेलं, की मंडळाच्या बायका त्या घरी जायच्या. चूल, धुणी, गुरं, पोरं, सगळं हातात घ्यायच्या आणि घरच्या माणसाला म्हणायच्या, तू नुसती बस. याला त्या 'सोबत' म्हणत. गावचा रस्ता खचला तेव्हा थोरलीने इंजिनियर साहेबाला चहाला बोलावलं, आणि गाडी वेशीवरच ठेवायला लावून चिखलातून चालवत घरी आणलं. साहेबाचा एक बूट चिखलातच राहिला. "राहू द्या साहेब," थोरली म्हणाली, "खडी पडली की तिच्याखाली सापडेल." त्या साली खडी पडली.

खोलीबाहेर झाडाला मोडक्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव टांगलेली होती. तिच्यावर तीन टोले पडले की हातातलं काम टाकून निघायचं. कुठे, कशाला, कुणासाठी, हे विचारायचं नाही. थोरली पुढे आणि बाकीच्या मागे. "आधी पाय, मग तोंड," असं ती म्हणायची. "विचारत बसलात तर तोवर त्या घरातलं माणूस एकटं असतं."

हीच थोरली आता घरी मिठाचा डबा हातात घेऊन मीठ शोधायची. दिवेलागणीला दारात उभी राहून, "हे अजून आले नाहीत," म्हणायची. धाकटी सांगायची, "येतील, बाई. तुम्ही आत या." पण मंडळाच्या खोलीचा उंबरा ओलांडला की तिचा वाकलेला कणा सरळ व्हायचा. तो अध्यक्षपणा काढून घेतला तर या बाईत उरेल काय, या एका विचाराने धाकटीचं काळीज पाणी पाणी व्हायचं. थोरलीने मंडळातूनच जावं, मानाने, अध्यक्ष म्हणूनच जावं. मग आपण जन्मभर खोकत राहिलो तरी बेहत्तर.

सुगी संपली की मंडळाची सभा भरायची आणि हात वर करून अध्यक्ष ठरायची. सभा जवळ आली तशी मंडळातली शिंपीण घराच्या अंगणात येऊन टेकली. जीभ कात्रीसारखी आणि मनात काही ठेवायची सवय नाही, अशी बाई.

"धाकटे, तुझा खोकला काही बरा होईना."

"हवा बदललीय."

"हवा फक्त मंडळाच्या खोलीतलीच बदलते का गं? विहिरीवर तर ठणठणीत असतेस."

"तुला अध्यक्ष व्हायचंय, तर सरळ हो की. माझ्या घशात कशाला शिरतेस?"

शिंपिणीने तिच्याकडे टक लावून बघितलं. "व्हायचं असतं तर केव्हाच झाले असते. उद्या त्या बाईने भलत्याच घरी नेलं, कुणाच्या औषधात घोळ केला, तर गाव तिला हसेल. ते तुला चालेल?"

धाकटीने सुपातलं धान्य इतक्या जोरात पाखडलं की अर्धं अंगणात सांडलं. शिंपीण उठून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, टोले पडले. तीन.

धाकटी भांडी घासत होती. राखेचे हात तसेच पदराला पुसून तिने कळशी उचलली. कुणाचं काय झालं असेल? गिरणीवाल्याचा म्हातारा गेला असेल. ती दाराशी आली आणि तिथेच थांबली. बायका तिच्याच गल्लीत वळत होत्या. कुणाच्या डोक्यावर पाणी, कुणाच्या काखेत सरपण, कुणाच्या हातात झाकलेली भाकरी. सगळ्यांच्या पुढे थोरली, पदर खोचलेला, चाल तरुण बाईची. ती सरळ आपल्याच घराच्या उंबऱ्यावर चढली आणि मागे वळून म्हणाली, "आत या. हिची पोर गेली."

धाकटीच्या हातातली कळशी सुटली.

पोर गेली होती खरी. साथीचा ताप होता, पोर पाच वर्षांचीही झाली नव्हती. पण त्याला आता इतका काळ लोटला होता की तिच्या बरोबरीच्या पोरी आज्या व्हायला आल्या होत्या. तेव्हा मंडळ नव्हतं. साथीच्या भीतीने या दारात एक माणूस फिरकलं नव्हतं. पुरुषांनी पोरीला उचलून नेलं आणि घरात या दोघी जावाच उरल्या. सासू तापाने फणफणलेली, गोठ्यात गुरं हंबरत होती. धाकटी उठून धारा काढायला बसली. रडायचं राहूनच गेलं. त्या दिवशी थोरलीने रिकाम्या गल्लीकडे बघत म्हटलं होतं, "एकही आली नाही. एकही." मंडळ त्या शब्दांतून निघालं होतं.

आता आल्या होत्या. गल्ली भरून आल्या होत्या.

कुणीच काही विचारलं नाही. हाताला तशी सवयच होती. एकीने केरसुणी घेतली, एकीने चूल पेटवली, गिरणीवाल्याची सून गोठ्याकडे वळली. तिला बिचारीला वाटलं, धाकटीची एखादी मुलगी बाहेरगावी दिलेली असेल. जुन्या बायका मात्र जागच्या जागी थिजल्या. त्यांना कळलं. एकीने तोंडात पदर कोंबला. धाकटीची नजर सगळ्यांवरून फिरली आणि शिंपिणीवर थांबली. आता ही बोलणार. आता सगळं वेशीवर टांगलं जाणार.

शिंपीण पुढे झाली. पडलेली कळशी उचलत म्हणाली, "बघत काय उभ्या राहिलात? पाणी आणा कुणीतरी. सोबतीला आलोय ना आपण?"

आणि बायका पुन्हा कामाला लागल्या.

थोरलीने धाकटीला खाली बसवलं, तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढलं. "रड गं. गुरांचं मी बघते. आज तू कुठं उठायचं नाहीस." तिचा हात धाकटीच्या पांढऱ्या केसांवरून फिरत होता आणि जणू ते काळेच असावेत असं ती ते विंचरत होती, बोटांनी. धाकटीला वाटलं होतं की रडायचं ते केव्हाच आटून गेलं असेल. ते आटलं नव्हतं. ती पोरीसाठी रडली, की पोरीला अजून विसरू न शकलेल्या या म्हातारीसाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ऊन कलल्यावर बायका गेल्या. भाकरी टोपलीत झाकलेली होती, गोठा लख्ख होता. थोरली दाराशी बसून पायाचे तळवे चोळत होती. तिने भाकरीचा ढीग बघितला.

"एवढं कुणी केलं? कोण गेलं गं?"

धाकटीला खोटं बोलायची सवय झाली होती, पण या वेळी जीभ उचलेना. "माझी लेक, बाई."

थोरलीचा चेहरा पडला. "आणि मी कुठे होते? मी कशी आले नाही?"

"तुम्हीच तर सगळ्यांना घेऊन आलात."

"खरं?"

"खरं."

त्या एका शब्दाने ती शांत झाली आणि भिंतीला टेकून तिथेच झोपली. धाकटी तिच्याकडे बघत राहिली. आज बायकांना आपल्याच घरी आणलं, उद्या कुणाच्या जिवंत माणसाला मेलं म्हणून रडायला नेईल. हसणारे हसतील. आपण जे जपतोय ते जपता जपता आपल्याच हातून फुटेल.

सभेला खोली भरली. कुणाच्या घरची अडचण मांडायची तर नाव घ्यायचं नाही, 'एक घर आहे' म्हणायचं, असा मंडळाचा नेम होता. घर कुठलं ते सगळ्यांना कळायचं, पण मदत घेणाऱ्याची मान खाली जायची नाही. धाकटी उठली.

"एक घर आहे," ती म्हणाली. "तिथे एक वयस्कर बाई आहे. तिला विसर पडत चाललाय. गेलेली माणसं तिला जिवंत वाटतात, आणि जुनी दुःखं आजची."

थोरली पुढे सरकून, हनुवटीला हात लावून ऐकत होती, प्रत्येक घराचं ऐकायची तसंच.

"घरात कोण आहे तिला?"

"एक जाऊ आहे."

"करते का ती नीट?"

"करते... पण लपवत राहिली."

"लपवणारच. आपल्या माणसाची लाज आपण नाही झाकायची तर कुणी झाकायची? पण एकटी किती रेटणार बिचारी?" थोरलीने गोलावरून नजर फिरवली. "त्या बाईकडे काही जबाबदारी आहे का?"

उत्तर शिंपिणीने दिलं, आणि तिची कात्रीची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "आहे, बाई. मोठी जबाबदारी आहे. तिने ती जन्मभर फार चांगली निभावली."

"मग तिला सांगा की फार चांगली निभावलीस. तोंडावर सांगा. आणि काढून घ्या." थोरलीचा आवाज कणखर होता. "बाकीच्यांची कामं त्यावर अडत असतील. पण तिला घरी बसवून ठेवू नका. मधे बसवा. तिने दहादा विचारलं तर दहादा सांगा. आणि जी हसेल तिने या खोलीत पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

"कळलं, बाई."

"सोबतीला कोण जातंय?"

गिरणीवाल्याच्या सुनेने हात वर केला. मग शिंपिणीने. मग एकामागून एक सगळ्यांनीच. डोळे पुसायला हात मोकळा राहिला नाही, तेव्हा काहींनी खांद्यालाच डोळे पुसले. थोरलीने ते सगळे हात बघितले आणि तिला फार समाधान वाटलं. मग तिने आपलाही हात वर केला.

"पहिल्या दिवशी मी जाईन. अशा माणसाला नवं तोंड बघून भीती वाटते, पहिल्यांदा कुणीतरी जाणतं हवं." ती धाकटीकडे वाकली आणि बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला. "तू चल माझ्याबरोबर. घर दाखव मला. हल्ली वाटा सापडत नाहीत गं."

धाकटीने तिचा वर केलेला हात हलकेच खाली घेतला आणि आपल्या हातात धरला.

"दाखवते, बाई," ती म्हणाली. "चला."