साबण चांगला होता

वरवट बकालची समता शेगावला रसायनशास्त्र शिकत होती. कॉलेजात अर्थशास्त्राचा एक जादा विषय घेता येत होता. "मले का बँकेत बसाचं हाय?" म्हणत तिनं तो हसून टाळला. आपल्या घरातली मुलंही असंच म्हणतात ना?

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं गल्लीतल्या बायांना भांड्यांचा साबण करायला शिकवलं. शेजारची तानुबाई आठवडी बाजारात बांगड्या विकायची. नवरा वारलेला, पदरात छकुली. शिकलेल्या पोरीच्या शब्दावर तिनं बाजारातली बसायची जागा दुसरीला दिली आणि घरी साबणाच्या वड्या पाडू लागली.

सुरुवातीला बरं चाललं. मग घरोघरी साबण होऊ लागला. घेणारे तेवढेच, विकणाऱ्या वाढल्या. भाव पडला. उन्हातान्हात हिंडूनही सामानाचा खर्च निघेना. तानुबाई पुन्हा बाजारात गेली, तर जागा आता दुसरीची झालेली.

दिवाळीला समता घरी आली तेव्हा तानुबाई भांडी पोत्यात भरत होती.

"मावशी, कुठी चालली वं?"

"वीटभट्टीवर, अकोल्याकडं."

"आन् छकुलीची शाळा?"

तानुबाईनं पोत्याचं तोंड आवळलं. "तुह्यावर राग नाही, पोरी. साबन तं चांगलाच होता."

 समता कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मंजुश्रीताईंकडे गेली. "ताई, माहं काय चुकलं?"

"साबन घेनार कोन, विकनाऱ्या किती, हे इचारलं होतं काय? तिच्या दिवसभराच्या मेहनतीची किंमत धरली? अन् बांगड्या सोडून तिनं काय गमावलं?"

"मी तं सायन्सची, ताई..."

"सायन्सवाल्याले बाजार लागत नाही काय? दुसऱ्याले धंदा सांगाचा, तं एवढं कळलंच पाह्यजे!"

किती साधे प्रश्न! अन् आपल्याला एकही सुचू नये! समता ढसाढसा रडली. छकुलीला आपल्या घरी ठेवून घ्यायला ती भट्टीवर गेली. "लेकरू सोडून कशी राहू, बाई?" म्हणून तानुबाईनं मान हलवली. छकुली विटा रचत होती. समता एकटीच परतली आणि पुढच्या सत्रात अर्थशास्त्राच्या वर्गात जाऊन बसली.

बंधू-भगिनींनो, मुलगा डॉक्टर होवो, मुलगी कविता लिहो. मागणी, किंमत आणि एक वाट धरताना सुटणारी दुसरी वाट, एवढं अर्थशास्त्र प्रत्येकानं शिकावं. आपल्या अज्ञानाची किंमत पुष्कळदा आपल्यावर विश्वास टाकणारं माणूस मोजत असतं.