पाळण्यात आधी मी

मित्रांनो, मी पाट्याचा जोडीदार, एक जुना वरवंटा. रंगाने काळा, अंगाने गोल, मधोमध जरासा झिजलेला. भडगावात, गिरणेच्या काठच्या एका गल्लीत, प्रमिलाबाईंच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम असतो. तुमच्यातल्या कित्येकांनी मला पाहिलंही नसेल. घरात मिक्सर असल्यावर माझ्याकडे कोण बघतो? पण आमच्या गल्लीतल्या पोरांनी तरी मिजास करू नये. त्यांच्या पाळण्यात त्यांच्याआधी मी निजलो आहे!

माझा जन्म एरंडोलजवळच्या एका टेकडीतला. चिंधा पाथरवटाने मला खडकातून मोकळं केलं आणि टाकीचे घाव घालून घालून गोल केलं. तेव्हा फार दुखलं. पण ते घाव बसले नसते, तर आजही टेकडीवर पडून येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेच लावत बसलो असतो. बाजारात प्रमिलाबाईंच्या सासऱ्यांनी, भाईदास आबांनी, मला आणि पाट्याला पसंत केलं, गोणपाटात बांधलं आणि सायकलला लावून घरी आणलं. घरात तेव्हा प्रमिलाबाई नव्या नवरी होत्या. त्यांनी माझ्यावर पाणी ओतलं, हळदकुंकू लावलं आणि लगेच हिरव्या मिरच्या वाटायला घेतल्या. आल्या दिवशीच कामाला जुंपलं म्हणा ना!

मग काय विचारता! ठेचा म्हणू नका, शेवभाजीचं वाटण म्हणू नका, भाजलेला कांदा आणि खोबरं म्हणू नका. पाहुणे बोटं चाटायचे आणि प्रमिलाबाईंच्या हाताला नावाजायचे. माझं नाव कुणी घ्यायचं नाही, पण मला ते चालायचं. कारण माझा खरा मान बारशाला असायचा.

आमच्याकडे बारशाच्या दिवशी पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात. मला कोमट पाण्याने आंघोळ घालायचे, कुंची घालायचे, काजळाची तीट लावायचे. बाया देवाची नावं घेत मला पाळण्याखालून द्यायच्या, वरून घ्यायच्या, मग पाळण्यात निजवायच्या. माझ्यानंतर बाळ. वरवंट्यासारखं घट्ट हो, त्याच्याएवढं आयुष्य तुला लाभो, असा त्याचा अर्थ. गल्लीतल्या बाया मला मागून न्यायच्या. “प्रमिलाबाई, तुमना वरवंटा द्या वं, तो गुणना शे,” म्हणायच्या. मी फुगायचो. दगडाने फुगू नये, पण फुगायचो.

पुढे मिक्सर आला आणि मी दाराआड गेलो. डोक्यावर कांद्याची पिशवी. बारसं निघालं की माझी आठवण व्हायची, एरवी नाही.

मला पुन्हा उजेडात आणलं ते सुलक्षणाने. ही प्रमिलाबाईंची थोरली सून, ललितची बायको. चोपड्याकडची, केळीच्या मळ्यात वाढलेली, हसरी पोर. “आई, मिक्सरच्या चटणीला चवच नाही,” म्हणाली आणि मला धुऊन पाट्यावर घेतलं. तिला दिवस गेले तरी ती वाटायला बसायची. वाटता वाटता पोटातल्या बाळाशी गप्पा मारायची. दुपारी कुंची शिवायची, हिरवी, पिवळ्या काठाची. शिवून झाली तेव्हा तिने ती माझ्याच डोक्यावर घालून पाहिली आणि एकटीच खुदकन हसली.

बाळ दिवस भरायच्या आत आलं. मुलगा होता. जळगावच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. बारसं व्हायच्या आधीच ते गेलं. सुलक्षणा खाटेवर होती, तिला धड उठताही येत नव्हतं. ललितने बाळाला कापडात गुंडाळलं, भडगावला आणलं आणि गिरणेकाठी पुरलं. लहान जिवाला जाळत नाहीत, मित्रांनो, मातीच्या कुशीत ठेवतात.

ती घरी आली ती रिकाम्या हातांनी. भेटायला आलेली माणसं काय बोलायची, ऐका. “जीव लागायच्या आत गेलं, बरं झालं.” “तरुण आहात, दुसरं होईल.” बारसं झालं नव्हतं म्हणून त्याला नाव नव्हतं, आणि नाव नव्हतं म्हणून त्याच्याविषयी बोलावं कसं, हेच कुणाला कळेना. हळूहळू सगळे असे वागू लागले, जसं काही झालंच नव्हतं.

आणि मग त्या घरात लाज शिरली. सुलक्षणाला अजून दूध यायचं. चोळीवर डाग दिसला की ती पदर असा ओढून घ्यायची, जशी काही चोरीच पकडली गेली. ललित खाली मान घालून जेवायचा आणि दुकानावर निघून जायचा. बाळाला कुठे ठेवलं, हे त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. प्रमिलाबाई गल्लीत कुणाशी नजर मिळवेनात. आणि मी? गल्लीभर ज्याच्या आयुष्याचे आशीर्वाद वाटले, तो मी कोपऱ्यात धडधाकट बसलो होतो. आपल्या घरच्या बाळाला त्यातलं चिमूटभरही देता आलं नाही. दगडाला लाज वाटते का, असं कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

पुढच्या वर्षी धाकट्या सुनेला, दिपमालाला मुलगी झाली. बारसं ठरलं. सकाळीच प्रमिलाबाई सुलक्षणाजवळ आल्या. जमिनीकडे बघत म्हणाल्या, “तू आत बस, बाई. पाळनाजवळ नको येऊ. लोके वाईट बोलतस.”

“बरं, आई,” सुलक्षणा म्हणाली. एवढंच.

मला आंघोळ घातली, नवी गुलाबी कुंची घातली आणि आतल्या खोलीत पाटावर ठेवलं. नेमक्या त्याच खोलीत सुलक्षणाला बसवलं होतं. घाईगडबडीत ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नाही.

बाहेर बायांचा गलका चालला होता. सुलक्षणा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, ट्रंक उघडली आणि तळातून ती हिरवी कुंची काढली. माझी गुलाबी कुंची उतरवून ती घातली. मला मांडीवर घेतलं. जिथे माझा कान असायला हवा होता तिथे तोंड आणलं आणि हळूच म्हणाली, “प्रेमराज.” परत म्हणाली, “प्रेमराज.” बाळाला जे नाव द्यायचं ठरवलं होतं, ते ती माझ्या कानात सांगत होती. मित्रांनो, जन्मभर मी थंड आणि जड होतो, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्या घडीला मात्र वाटलं, देवा, जरा ऊब दे रे!

तेवढ्यात बाहेरून हाक आली, “वरवंटा आणा वं!” आणि दार उघडलं.

दारात पाच-सहा बाया. सगळ्या जागच्या जागी थबकल्या. “अव माय वं! दगडले मांडीवर लिसन बठनी!” कुणीतरी बोललं. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग तोंडावर पदर धरला. सुलक्षणाने मला पदराखाली झाकलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. प्रमिलाबाई पुढे आल्या. “दे तो, बाई. बठ्ठी लोके ताटकळनीत,” म्हणत मला ओढू लागल्या. सुलक्षणाची बोटं सुटेनात. तिला सोडायचं होतं, पण बोटं ऐकत नव्हती.

तेव्हा शेजारच्या सुगंधाबाई बायांना बाजूला सारत आत आल्या. या म्हणजे गल्लीतला सगळ्यात मोठा आवाज, बारशात हसवणाऱ्या, उखाण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. त्यांनी बाकीच्यांच्या तोंडावर दार लोटलं आणि सुलक्षणासमोर फतकल मारून बसल्या. मला ओढलं नाही. नुसतं विचारलं, “नाव काय ठेवं?”

वर्षभरात हे कुणी विचारलंच नव्हतं. सुलक्षणाने माझ्यावरचा पदर बाजूला केला. “प्रेमराज.”

“प्रेमराज,” सुगंधाबाईंनी मोठ्याने म्हटलं, चांगलं बाहेर ऐकू जाईल असं. मग त्यांचा तो मोठा आवाज एकदम खाली आला. “मनी बी पोर अशीच गयी. तिनं नाव मी मोहिनी ठेवेल व्हतं. कोणलेच सांगेल नही. बठ्ठा म्हणेत, इसरी जाय. मी काय इसरनू नही. माले बी अशीच लाज वाटे, माय. जशी मीच काही चोरी करेल.”

सुलक्षणा रडली. एक वर्षाचं रडली. मी मध्ये, दोन्ही बाजूंनी भिजलेला.

प्रमिलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. सुनेला आपणच आत बसवलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी डोळे पुसले, दार उघडलं आणि बाहेर जाऊन सांगितलं, “दुसरा वरवंटा लई या. आम्हना आज कामात शे.”

दिपमालाच्या मुलीच्या पाळण्यात त्या दिवशी शेजारचा एक ओबडधोबड वरवंटा निजला. एरवी मला केवढा राग आला असता!

दुसऱ्या दिवसापासून सुगंधाबाई दुपारच्या येऊ लागल्या. पदरात मिरच्या. “चटणी वाटाले उनू,” दारातूनच ओरडायच्या. मग मागच्या गल्लीतल्या तानुबाई आल्या. त्यांचं बाळ पोटातच गेलं होतं. मग आणखी एक-दोघी. प्रत्येकीच्या घरी मिक्सर होता बरं का! पण मिक्सरवर डोळ्यांत पाणी येत नाही. इथे मिरचीचं निमित्त होतं. एकीने वाटायचं, दुसरीने बोलायचं, डोळे पुसायचे आणि म्हणायचं, “मिरची तिखट शे वं!” कुणी कुणाला शहाणपण शिकवायचं नाही. बाळाचं नाव विचारायचं, नाक कुणावर गेलं होतं ते विचारायचं आणि ऐकत राहायचं. मध्येच सुगंधाबाई असं काही बोलायच्या की रडता रडता सगळ्या हसायच्या.

एके दुपारी ललित दुकानावरून अवेळी घरी आला. दारात उभा राहिला. बाया पदर सावरू लागल्या. तो चपलांकडे बघत म्हणाला, “मला पण... वाटू द्या जरा.”

सुलक्षणा सरकली. तो पाट्यासमोर बसला आणि मला दोन्ही टोकांना आवळून धरलं. “अरे भाऊ, वरवंटा शे तो, मोटरसायकलनं हँडल नही!” सुगंधाबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. तोही जरासा हसला आणि वाटू लागला. खाली पाटा धुतलेला, कोरडा. मिरची घ्यायचीच तो विसरला होता. दगडावर दगड फिरत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी टपटप पडत राहिलं. मिरचीचं नाव घ्यायलाही जागा नव्हती.

“मी त्याला बाभळीखाली ठेवलं,” तो म्हणाला. “वर एक गोल दगड ठेवला आहे, खूण म्हणून. तुला न दाखवता नेलं मी. त्या दिवसापासून तुझ्याकडे बघायची लाज वाटते.”

सुलक्षणाने त्याच्या हातातून मला अलगद काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

“मला दाखवाल?” तिने विचारलं.

दोघं तशीच उठून गेली, भर उन्हात, गल्लीतून, सगळ्यांच्या देखत. सुलक्षणाच्या हातात ती हिरवी कुंची होती. ती तिने लपवली नाही. मागून प्रमिलाबाई डोक्यावर पदर घेत लगबगीने निघाल्या.

मित्रांनो, मला पुन्हा कोपऱ्यात टाकलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत कुणाचं बाळ गेलं, तर त्या आईला आत बसवू नका आणि त्या बापाला एकटं सोडू नका. बाळाचं नाव विचारा. त्यानंतर काय बोलावं ते सुचलं नाही, तर जवळ नुसते बसून राहा. ते काही अवघड नाही. मी दगड असून मला जमलं.