कुंपणातला करंट

"बाबा, त्या तारंत करंट सोरू नको. मानूस मरंल."

प्राप्ती असं बोलली आणि हिरामणनं हातातला कोयता बांधावर आपटला. किहीमच्या मागं डोंगराला लागून त्याचं भात. लोंब्या भरत आलेल्या, आणि रानडुकरं रोज येऊन त्यात लोळून जायची. म्हणून त्यानं शेताभोवती उघडी तार ओढली होती. सांजेला पंपाच्या खोलीतून वीज सोडायची, उजाडताच बंद करायची.

"तुना कुनी शिकवलं?"

"विनिताबाईंनी. शालंत टॅबवर तारा जोरायच्या, बल्ब पेटवायचा. चुकलं तं काय व्हतं तेबी दिसतं."

आठवीतली पोर. बाईंनी सरावाला दिलेला टॅब तिनं बापापुढं धरला. चित्रातला माणूस ओल्या जमिनीवर अनवाणी उभा होता. प्राप्तीनं बोटानं तार ओढून त्याच्या हाताला लावली. तो थरथरला, पडला. हिरामणचा चेहरा उतरला. तेवढ्यात माणूस उठून पहिल्यासारखा उभा राहिला.

हिरामण खदाखदा हसला. "उठला की गं! मेला कुठं?"

"बाबा, तो खेलातला हाय. परत करून बघायला उठतो."

"मंग खेल शालंतच. डुकरांना तुजी शाला कलत न्हाय."

गणपती गेल्यावर पावसानं झोडपून काढलं. त्या सकाळी हिरामण वीज बंद करायची विसरला. शेजारची कृष्णाबाई बिळातल्या चिंबोऱ्या, खेकडे धरायला बांधावरून निघाली, आणि तार तिच्या पायात आली.

पाण्याला निघालेल्या प्राप्तीला ती चिखलात आडवी दिसली. पोर तिला शिवली नाही. आधी पंपाच्या खोलीकडं धावली, स्विच बंद केला, मग म्हातारीला हलवून हलवून हाका मारल्या. कृष्णाबाईनं ओ दिली नाही.

हिरामणनं घाईघाईनं तार गुंडाळली. "साप चावला. सगल्यांना ह्येच सांगायचं. कललं?"

पोलीसपाटील गणराज आला, गाव जमलं. सगळे सापाचंच बोलत होते. कृष्णाबाईचा लेक चंदर आईचे पाय धरून रडत होता. ते प्राप्तीला बघवेना.

"साप न्हाय," ती म्हणाली. "तारंतला करंट."

हिरामणला पोलीस घेऊन गेले. त्याच दिवशी गावातल्या साऱ्या शेतांभोवतीच्या तारा गुपचूप निघाल्या. तारा काढणारेच प्राप्तीला बघून थुंकू लागले, काळ्या जिभेची म्हणू लागले. चंदरसुद्धा दारात येऊन म्हणाला, "आय गेली ती काय परत येनार न्हाय. बापाला कशाला घालवलंस?"

भात पिकलं. प्राप्ती शाळेत दिसेना म्हणून विनिताबाई शेतावर आल्या. प्राप्तीची आई रतन कापणीवरनं उठली. घरातून टॅब आणून तिनं बाईंच्या हातात कोंबला.

"न्या तुमचा. बापाचा गला कापायला शिकवलंत, तेवरं पुरं झालं."

"रतनताई, तिनं खरं सांगितलं."

"मंग खऱ्याला सांगा माजं भात कापायला."

बाई प्राप्तीकडं वळल्या. पोर विळा घेऊन वाकलेली, बोटं कापलेली.

"येशील ना गं शाळेत?"

प्राप्तीनं आईकडं पाहिलं. "भात कापून, झोरून झालं का येते."

"भात झोरून झालं का लगीन," रतन म्हणाली, आणि पुन्हा कापायला बसली.